डॉडचा होकार

शेपर्ड, युफीमिया जॉर्जिना; प्रचलित नाव एफी. वय पन्नाशीच्या आसपास, नेमक्या कोणत्या बाजूला ते विचारू नये. मुक्काम आर्ब्रोथ, परगणा अँगस, स्कॉटलंड. बंदरामागची गल्ली, धुराच्या वासावरून शोधावी. उंची बेताची, आवाज उंचीच्या मानानं मोठा. व्यवसाय: हॅडॉक मासे धुरावर भाजून विकणे. जोडव्यवसाय: 'हार' या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या समूहाची संस्थापक सदस्य, गायिका व कीबोर्डवादक. समूहाची सद्यःस्थिती: कार्यरत (एका सदस्याच्या मते), विसर्जित (दुसऱ्याच्या मते), 'बघू' (तिसऱ्याच्या मते). प्रसिद्ध झालेली रेकॉर्ड: एक. प्रसिद्ध व्हायची रेकॉर्ड: एक. ओळखीची खूण: या दुसऱ्या रेकॉर्डचा विषय निघाला की उजव्या डोळ्याखालची शीर उडते.

शीर उडायला लागून आता वीस वर्षं झाली असतील. कारण एकच, थोरला भाऊ डॉड.

समूहाच्या नावाबद्दल मात्र आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मराठी माणूस भलताच अर्थ घेऊन बसायचा. ऐन उन्हाळ्यात, जरा कुठे ऊन पडून लोकांनी खुर्च्या बाहेर काढल्या की समुद्रावरून जे गार, ओलं धुकं गावात शिरतं आणि दुपारची माती करतं, त्याला त्या किनाऱ्यावर हार म्हणतात. गळ्यात घालायचा नव्हे, आणि पत्करायची तर नव्हेच. अर्थात समूहाचा पुढचा इतिहास पाहिला तर मराठी अर्थ अगदीच गैरलागू होता असं छातीठोकपणे म्हणवत नाही. त्यातला गळ्यातला तेवढा त्यांच्या वाट्याला आला नाही.

सुरुवात तिघांची. एफी, डॉड आणि शाळेतला दोस्त लाची मॉलिसन. डॉडचं कागदोपत्री नाव जॉर्ज, पण त्या बाजूला जॉर्जला जॉर्ज फक्त पाद्री म्हणतो, तेही बारशाला. घरचं धुरीघर होतं. खाली आई, म्हणजे नॅन, माशांच्या शेपट्या दोरीनं जोडीजोडीनं बांधून काठ्यांवर टांगायची, काठ्या जळत्या लाकडांच्या पिंपावर ठेवायची आणि वर ओलं गोणपाट टाकायची. आणि माळ्यावर ही तिघं कुणाकुणाची जुनी यंत्रं आणून त्यांतून आवाज काढत बसायची. फळ्यांच्या फटींतून धूर वर जायचा आणि आवाज खाली यायचा. नॅनच्या मते या देवाणघेवाणीत नुकसान तिचंच होत होतं. त्या यंत्रांचा माशाचा वास पुढे कधीच गेला नाही. बेल्जियमच्या बंदरावर पोलिसांचं एक कुत्रं एफीच्या कीबोर्डापुढे जे बसलं ते उठेना. पोलिसांनी कीबोर्ड उघडून बघितला, आत काही नव्हतं, तरी कुत्र्याचं मत बदललं नाही.

पहिला कार्यक्रम कोळ्यांच्या सभागृहात, एका लग्नात. नेहमीचा अकॉर्डियनवाला आजारी पडला म्हणून यांना बोलावलं. यांनी धुक्याच्या भोंग्यावर बेतलेला एक लांबलचक तुकडा वाजवला, ज्यात बराच वेळ काहीच होत नाही आणि मग तेच पुन्हा होतं. वऱ्हाडानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्याच्यावर दोन रांगा करून पारंपरिक नाच सुरू केला. नवऱ्याची मावशी घामाघूम होऊन सांगायला आली की चाल ओळखीची नाही, पण पाय पडतात. डॉड त्या संध्याकाळी खूश होता असं लाची म्हणतो. एफीचं म्हणणं, डॉड खूश आहे हे ओळखायला लाची काय ज्योतिषी आहे का.

मग रेकॉर्ड झाली. नाव 'बुधवारी अर्धा दिवस', कारण गावातली दुकानं पूर्वी बुधवारी दुपारनंतर बंद असत आणि डॉडला त्या दुपारांइतकं शांत पुन्हा कधी काही ऐकू आलं नव्हतं. त्यात बंदराचा भोंगा होता, तो बंद होण्याआधी डॉडनं टेपवर धरून ठेवलेला. नॅनचं कपडे धुण्याचं यंत्र होतं. आणि एफीचा आवाज होता, इतका संथ केलेला की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई पाण्याखालून तक्रार करते आहे. लंडनच्या एका साप्ताहिकानं लिहिलं की कोसळत्या उद्योगसंस्कृतीचं हे शोकगीत आहे. नॅननं विचारलं, कोसळलं काय? यंत्र तर अजून चालतं. त्याच साप्ताहिकाच्या माणसानं फोन करून या संगीतामागचं दुःख कोणतं असं विचारलं, तेव्हा डॉड बराच विचार करून म्हणाला, "दुःख नाही. ओल."

हेही लंडनमध्ये खोल वाटलं.

दोन वर्षं ती तिघं व्हॅनमधून युरोपभर हिंडली. जर्मनीत त्यांच्या कार्यक्रमाला धुक्याचं यंत्र भाड्यानं आणलं जाई. ज्या गोष्टीला कंटाळून आर्ब्रोथची माणसं स्पेनला सुट्टीवर जातात ती गोष्ट पैसे मोजून सभागृहात सोडायची, हे एफीला कळेना. पण लोक डोळे मिटून उभे राहत, आणि शेवटी असा जयघोष करत की एफीला पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला हॅडॉकखेरीज दुसरंही काही करता येईल. तिनं दुसऱ्या रेकॉर्डसाठी गाणी लिहिली. स्वतःचे शब्द, यावेळी वेगही माणसाचा. तुकड्यातुकड्यानं ती गायलीही. मग डॉड ते सगळं घेऊन माळ्यावर गेला.

आणि वरच राहिला.

डॉडला ओळखणारे सांगतात की त्याचं सगळं बोलणं तीन वाक्प्रयोगांत बसतं. पहिला, 'वाईट नाही'. ही सर्वोच्च स्तुती. याच्या वर त्या किनाऱ्यावर शब्द नाही आणि कुणी शोधायलाही गेलेलं नाही. दुसरा, 'बघू'. याचा बघण्याशी संबंध नाही. तिसरा, 'हां, बरोबर'. यातला 'बरोबर' जरा लांबवायचा, नजर दुसरीकडे ठेवायची. आपल्याकडे 'हो हो, निघालोच' म्हणणारा माणूस जसा अजून आंघोळीलाही गेलेला नसतो, तसंच हे. फरक इतकाच की तो निदान कधीतरी निघतो. 'हां' म्हणजे हो, 'बरोबर' म्हणजेही हो, आणि दोन्ही मिळून ठार नकार. हे गावात चार वर्षांच्या पोरालाही कळतं. शंभर मैलांवर कुणाला कळत नाही.

दुसरी रेकॉर्ड कधी होणार, असं कंपनीनं विचारलं. बघू. पुन्हा विचारलं. बघू. शेवटी कंपनी संपली. रेकॉर्ड काही संपली नाही. लाची थकून कार्नुस्टीला गाडी शिकवण्याच्या धंद्यात गेला. एफी खाली धुरीघरात उतरली, नॅनचे गुडघे गेल्यावर काठ्या तिनं हातात घेतल्या, आणि डोक्यावर फळ्यांमधून तिचाच सत्ताविसाव्या वर्षीचा आवाज रोज थोडा थोडा ऐकू येत राहिला. एक ओळ. पुन्हा तीच ओळ. तीच ओळ, भोंग्यासकट. तीच ओळ, भोंगा काढून. गिऱ्हाईक विचारायचं, वर कोण गातंय? एफी म्हणायची, कुणी नाही, पाईप आहे.

ती रेकॉर्ड एकदा बाहेर यावी, एवढंच तिला हवं होतं. कीर्ती नको, फुलं नकोत. आपण एकदा काहीतरी पुरं केलं होतं आणि ते कुणीतरी ऐकलं, इतकं. तिनं समजावलं, भांडली, एका नाताळात रडलीही. डॉड नीट ऐकून घ्यायचा. तो वाईट माणूस नव्हता. हीच तर खरी अडचण. वाईट असता तर तिनं कधीच माळ्याचं कुलूप तोडलं असतं.

अशात लंडनहून टिमथी हॉलम आला. तिशीतला, पातळ कोट घातलेला, भला माणूस. जुन्या रेकॉर्डींचे हक्क विकत घेऊन त्या नव्यानं काढायच्या, हा त्याचा धंदा, आणि 'बुधवारी अर्धा दिवस' ही त्याच्या मते लहानपणीची सर्वांत मोठी घटना होती. त्याला ती पुन्हा काढायची होती, आणि ग्लासगोत एक कार्यक्रम: अख्खी रेकॉर्ड, त्याच क्रमानं. डॉडला त्यानं किती निरोप पाठवले याला गणती नव्हती. एकाचंही उत्तर न आल्यामुळे, ते पोचलेच नसणार, असा लंडनच्या माणसाला शोभेल असा निष्कर्ष काढून तो स्वतःच आगगाडीत बसला होता.

नॅननं त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि त्याच्यापुढे पिंपावरून नुकताच उतरवलेला मासा ठेवला, वर लोणी. तो काट्यानं माशाची मनधरणी करू लागला. नॅननं त्याच्या हातातला काटा काढून घेतला.

"बाळा, हातानं खा," ती म्हणाली. "मेलाय तो. लाजायचा नाही."

डॉड माळ्यावरून पावासाठी खाली आला. टिमथी उठून उभा राहिला, हात लोण्यानं माखलेला, त्यामुळे पुढे करावा की नाही या विचारात अडकला. मग त्यानं सगळं सांगितलं, आणि खरंच चांगलं सांगितलं: सभागृह कसं आहे, आवाजाची व्यवस्था कशी आहे, त्याच्या ओळखीची किती माणसं अजून ती रेकॉर्ड ऐकतात. कुणाचा मुलगा जन्मला तेव्हा ती लावली होती, कुणाचे वडील गेले तेव्हा. एफी ओट्याशी उभी राहून ऐकत होती आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हुंदका येतोय. त्याचाही तिला राग आला.

"तर मग," टिमथीनं विचारलं, "तुम्ही तिघं मंचावर, पूर्ण रेकॉर्ड, पहिल्यापासून शेवटपर्यंत. करायचं?"

डॉड पावाला लोणी लावत होता. तो चारही कोपऱ्यांपर्यंत लावायचा, घाई कधीच नाही.

"हां," तो म्हणाला. "बरोबर."

आणि पाव घेऊन वर गेला.

नॅनचा कप बशीपासून निघून ओठांपाशी पोचायच्या आधीच थांबला. टिमथीचा चेहरा उजळला, पण तो सावध माणूस होता. कुठेतरी काहीतरी हलल्याचं त्याला जाणवलं असावं. त्यानं एफीकडे वळून विचारलं, याचा अर्थ हो, असं धरायचं ना?

या क्षणी एफीला दोन वाक्यांत सगळं मिटवता आलं असतं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. जर्मनांना, बेल्जियनांना, बँकेच्या माणसाला, डॉडवर जीव टाकणाऱ्या डंडीच्या एका शिक्षिकेलासुद्धा, तो काय म्हणाला याचा खरा अर्थ काय, हे एफीनंच सांगितलं होतं. डॉड बोलायचा आणि ती निस्तरायची.

"तुम्ही ऐकलंत की," ती म्हणाली. "हां म्हणाला. वर बरोबरही म्हणाला."

टिमथी संध्याकाळच्या गाडीनं गेला. दार बंद झाल्यावर नॅननं कप खाली ठेवला.

"तो काय म्हणाला ते तुला चांगलं माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"वीस वर्षं त्याचं म्हणणं मीच समजून घेतेय, आई. एकदा दुसऱ्या कुणाला घेऊ दे की."

नॅन म्हणाली की यात तिला पडायचं नाही, आणि मग बराच वेळ पडून राहिली. शेवटी तिचं मत असं निघालं की खोटं बोलणं पाप आहे, पण एफी तर एक शब्दही खोटं बोललेली नाही, आणि पाप असलंच तर ते भाषेचं आहे.

डॉडला ही बातमी न्हाव्याकडे कळली. गालावर साबण, मान मागे, आणि शेजारच्या खुर्चीतल्या मासेवाल्यानं हसत हसत विचारलं की ग्लासगोला जायचं म्हणून दाढी करतोयस का. भिंतीवर जाहिरात लागली होती. तिच्यात तो स्वतः होता, वीस वर्षांपूर्वीचा, केस असलेला. न्हावी म्हणाला, मी पोरांना सांगितलं, हा डॉड नव्हे, डॉड कशाला हो म्हणेल? मासेवाला म्हणाला, अरे पण छापलंय. मग तिथे जमलेल्या सगळ्यांनी डॉड शेपर्डनं याआधी हो केव्हा म्हटलं होतं याची आठवण काढायचा प्रयत्न केला. एकानं लग्नाचं नाव काढलं, पण डॉडचं लग्न झालेलंच नव्हतं, ते याच कारणानं, असं दुसऱ्यानं लक्षात आणून दिलं. डॉड अर्धी दाढी करून घरी आला.

"मी नाही म्हणालो होतो," तो दारातूनच म्हणाला.

"तू दोनदा हो म्हणालास. एकदा म्हणाला असतास तर मी विचारलंही असतं."

"एफी, तुला ठाऊक होतं."

"मला ठाऊक आहे. त्याला नव्हतं. तू त्याच्याशी बोलत होतास की माझ्याशी?"

डॉडनं यावर विचार केला. मग तो तिच्याशी बोलायचाच थांबला. पुढचे कित्येक आठवडे घरातले सगळे व्यवहार नॅनच्या मार्फत झाले. नॅनला यात मजा येऊ लागली आणि ती निरोप पोचवताना त्यांत भर घालू लागली. 'मीठ दे' असा निघालेला निरोप 'तुझ्या बहिणीला लाज असेल तर मीठ दे' असा पोचायचा.

लाची मंगळवारी मंगळवारी तालमीला यायचा. त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं आठवत होतं, पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून बसल्यानं तुकडा संपत आला की त्याचा उजवा पाय आपोआप तालयंत्राच्या पेडलवर दाबला जाई, आणि यंत्र आधीच थांबे. शिवाय पुढचा भाग आला की तो शांत, प्रेमळ आवाजात म्हणायचा, आता हळूच डावीकडे. एफीनं एकदा कीबोर्डाचं झाकण आपटलं. तो म्हणाला, घाबरू नकोस, पहिल्या वेळी सगळ्यांना असंच होतं. माळ्यावर पावलं वाजत होती, पण खाली कुणी उतरत नव्हतं. शेवटी एफीनं ठरवलं: डॉड आला नाही तर टिमथीला खरं सांगायचं, लोकांची माफी मागायची, आणि मग त्या माळ्याचं नावही काढायचं नाही. आता पुरे.

कार्यक्रम दुपारचा होता. टिमथीनं चौकशी केली होती. श्रोत्यांपैकी बहुतेकांना संध्याकाळी बाहेर राहणं झेपत नसे. सकाळी एफी व्हॅनपाशी गेली तर डॉड आधीच पुढच्या सीटवर बसलेला, पट्टा लावून, समोर बघत. मागे त्याची यंत्रं रचलेली होती. एफी आपला कीबोर्ड मागे ठेवून स्टिअरिंगपाशी बसली. बोलली असती तर तो उतरला असता. लाची मध्ये बसला आणि डंडीपर्यंत एफीच्या गाडी चालवण्यातल्या बारीक उणिवा सांगत राहिला.

पर्थ मागे पडल्यावर डॉडनं तोंड उघडलं.

"पहिली रेकॉर्ड वाजवणार नाही. नाही म्हणजे नाही."

"मग येतोयस कशाला?"

"छापलंय ना," डॉड म्हणाला.

याचा अर्थ एफीला लागला नाही, आणि आता लावायचाही नव्हता. डोळ्याखालची शीर ग्लासगो येईपर्यंत उडत होती.

सभागृह भरलं होतं. पांढऱ्या दाढ्यांचे पुरुष, गुडघ्यांना जपून चालणाऱ्या बायका, अंगात जुन्या दौऱ्याचे शर्ट. शर्ट तेच होते, आतली माणसं वाढली होती. सगळे भोंग्याची वाट बघत उभे होते. टिमथी मंचाच्या कडेला, हात जोडल्यासारखे धरून. डॉड आला, कुणाकडे बघितलं नाही, आणि त्यानं पहिला सूर दाबला.

तो भोंगा नव्हता.

एफीनं तो सूर दोन क्षणांत ओळखला. फळ्यांमधून इतकी वर्षं गळत राहिलेला तोच सूर. दुसऱ्या रेकॉर्डचं पहिलं गाणं, तिनं कधी आरंभापासून ऐकलेलंच नव्हतं असं. डॉडनं कधी आरंभापासून लावलेलंच नव्हतं. पहिली रेकॉर्ड वाजवायला तो नाही म्हणाला होता आणि त्या नाहीला धरून होता. लोकांपुढे यायचं छापलं होतं, तर तो आलाही होता. दोन्ही शब्द पाळले होते, आणि मधल्यामध्ये एफीला, तालमीशिवाय, शेकडो लोकांसमोर, उभं केलं होतं. तिला त्या क्षणी त्याला मंचावरच बदडावंसं वाटलं. लाचीनं तिच्याकडे बघितलं, चौकात चुकीच्या बाजूनं शिरलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं, आणि मग मान हलवून यंत्र सुरू केलं. तिला गावं लागलं.

शब्द आठवले. रोज ऐकलेले, विसरणार कसे? अडचण शब्दांची नव्हती, शब्द कशाबद्दल होते याची होती. सगळी गाणी मॉन्ट्रोजच्या एका सुताराबद्दल होती, जो येतो म्हणाला आणि आला नाही. आता तिला त्याचं आडनावही आठवेना. सत्ताविसाव्या वर्षी हुंदका आवरत लिहिलेल्या ओळी ती गात होती त्या उशिरा आलेल्या नळवाल्याला झापावं तशा. गाण्यांना ते मानवलं. इतकं मानवलं की तिसऱ्या गाण्याला डॉडनं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

मागून कुणीतरी, भोंगा लाव की रे, असं ओरडलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, गप, ऐकू दे. टिमथीचा चेहरा ताटातल्या माशासारखा झाला होता.

शेवटचं गाणं चांगलं चाललं होतं. मग ऐन मध्यावर डॉडनं हात उचलले आणि तो ध्वनिक्षेपकात म्हणाला, "हे संपलेलं नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं, हाही कलेचाच भाग. लाचीचं यंत्र एकटंच टिकटिकत राहिलं. डॉड मात्र हसत नव्हता. तो दोन्ही हात मांडीशी धरून उभा होता, आणि एफीला पहिल्यांदाच दिसलं की त्याला खरोखरच माहीत नाही. इतकी वर्षं तो आळसानं किंवा हट्टानं थांबला नव्हता. पुढे काय ते त्याला सापडत नव्हतं, आणि हे तो कुणाला सांगू शकला नव्हता, कारण त्याच्याजवळ त्यासाठी चौथा वाक्प्रयोग नव्हता.

म्हणून तिचा राग कमी झाला असं नाही. तिनं कीबोर्डावर दोन्ही हात ठेवले, सगळ्यांत खालच्या सुरांवर, आणि गाण्याची पहिली ओळ पुन्हा म्हटली, एकदाच, साधी. लाचीचा उजवा पाय पेडलवर दाबला गेला आणि यंत्र थांबलं, यावेळी नेमकं जिथे थांबायला हवं तिथे. सूर विरेपर्यंत तिनं बोटं दाबून धरली. मग उचलली.

डॉड तिच्याकडे वाकला. "असं संपतं?"

"हो," एफी म्हणाली.

पुढे 'बरोबर' येतंय का म्हणून तो थांबला. आलं नाही.

लोक टाळ्या वाजवत होते, आधी बिचकत, मग तसे नव्हे. त्यांतले बरेचजण बाहेर पडताना टिमथीला गाठून विचारत होते की हे नवं कुठे मिळेल, आणि टिमथीच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परतत होतं. तो धावत आत आला. ही रेकॉर्ड पुरी झालेली आहे का, असं त्यानं डॉडला विचारलं. डॉडनं एफीकडे बोट दाखवलं.

"झाली," एफी म्हणाली. "आत्ताच झाली."

परतीच्या वाटेवर स्टर्लिंग ओलांडल्यावर डॉड म्हणाला की दुसऱ्या गाण्यात मध्ये जरा काहीतरी. एफीनं व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्याला उतर म्हणाली. शेतं होती, पाऊस होता. डॉडनं बाहेर बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि आर्ब्रोथ येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. लाचीनं मात्र सांगितलं की गाडी कडेला घेण्याआधी तिनं आरशात बघितलं नव्हतं.

दुसरी रेकॉर्ड पुढच्या वसंतात आली. नाव तेवढं डॉडनं दिलं: 'अजून नाही'. उन्हाळ्यात एडिंबरोच्या एका सांस्कृतिक मंडळाकडून कळवण्यात आलं की, 'हार' या समूहाने प्रादेशिक ध्वनिसंस्कृतीच्या क्षेत्रात दीर्घ काळ अखंडपणे केलेल्या कार्याची दखल घेऊन मंडळाने समूहास विशेष गौरवपदक प्रदान करण्याचा ठराव एकमताने संमत केला असून, तिन्ही सदस्यांनी येत्या गुरुवारी होणाऱ्या समारंभास व्यक्तिशः उपस्थित राहावे. अल्पोपाहाराची व्यवस्था मंडळातर्फे करण्यात आली आहे.

गुरुवारी पीटरहेडच्या बंदरातून हॅडॉकची गाडी आली, आणि एडिंबरोला कुणी गेलं नाही.